गीताचा धनी कोण? ए. पी. कार्टरच्या नावावरची गाणी

१/
अमेरिकेतील 'कंट्री' संगीताचा इतिहास ए. पी. कार्टर या नावावाचून सांगता येत नाही. 'कार्टर फॅमिली' या त्रयीने १९२७ ते १९४१ या काळात सुमारे ३०० गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांतील बहुतेक गाण्यांच्या तबकड्यांवर रचनाकार म्हणून त्याचेच नाव छापले गेले. कित्येक गाणी मात्र त्याच्या जन्माआधीपासून लोकांच्या ओठांवर होती. हा थ्रेड त्या छापील नावाविषयी आहे, आणि त्या नावाखाली झाकल्या गेलेल्या माणसांविषयीही.

२/
आल्विन प्लेझंट कार्टरचा जन्म १५ डिसेंबर १८९१ चा. व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील मेसेस स्प्रिंग या वस्तीतला. क्लिंच पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या खोऱ्याचे नावच 'पुअर व्हॅली', म्हणजे गरीब खोरे. पर्वताच्या पलीकडचे सुपीक खोरे ते 'रिच व्हॅली'. आल्विनच्या हातांना आणि आवाजाला लहानपणापासून कंप होता. तो पोटात असताना आईच्या अगदी जवळ वीज कोसळली, त्याचा हा परिणाम, अशी घरातली समजूत होती. फिडल त्याने हाती घेतली, पण त्याची खरी ओढ गाण्याकडे. मामा गावोगावी चर्चचे गायन शिकवी. स्वरलिपीची तोंडओळख भाच्याला त्याच्याकडूनच झाली.

३/
तरुणपणी फळझाडांची कलमे विकत तो पायी हिंडत असे. अशाच एका फेरीत पर्वत ओलांडून तो रिच व्हॅलीत उतरला आणि ऑटोहार्प वाजवीत गाणारी सारा डोहर्टी त्याच्या दृष्टीस पडली, अशी कुटुंबात चालत आलेली कथा आहे. १८ जून १९१५ रोजी त्यांचे लग्न झाले. साराचा आवाज खर्जाकडे झुकणारा, धीरगंभीर. ऐकणाऱ्याची करुणा मागत नाही, तरीही मनात घर करतो. पुढे १९२६ मध्ये साराच्या नात्यातली बहीण मेबेल ॲडिंग्टन हिने ए. पी.चा धाकटा भाऊ एझ्रा याच्याशी लग्न केले. दोघी बहिणी जावा झाल्या आणि त्रयी पूर्ण झाली.

४/
या तिघांत कामाची वाटणी उघड होती. मुख्य गाणे साराचे, सोबत ऑटोहार्प. हे तारा छेडण्याचे आणि पट्ट्या दाबून सुरावट धरण्याचे वाद्य. गिटार मेबेलची. तिचा अंगठा खालच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवी आणि बोटे वरच्या तारांवर ठेका धरीत. एकच वाद्य, पण भास दोन वादकांचा. ही पद्धत पुढे 'कार्टर स्क्रॅच' म्हणून ओळखली गेली आणि गिटार शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांची पहिली पाटी ठरली. ए. पी. मधूनच, लहर लागेल तेव्हा, खालच्या पट्टीत साथ देई. त्याचे मुख्य काम गाणी आणणे हे होते.

५/
१९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा व्हिक्टर कंपनीसाठी काम करणारा निर्माता ब्रिस्टल येथे आला. हे शहर दोन राज्यांत विभागलेले आहे. स्टेट स्ट्रीट या रस्त्याच्या मधोमध सीमा जाते. एका बाजूस व्हर्जिनिया, दुसऱ्या बाजूस टेनेसी. त्या रस्त्यावरील एका इमारतीत पीअरने ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडली आणि पर्वतराजीतील गायक-वादकांना बोलावणे धाडले. तबकड्यांतून एका स्थानिक गायकाला केवढी प्राप्ती झाली, ही बातमी वृत्तपत्रात येताच रांग लागली.

६/
मेसेस स्प्रिंगहून ब्रिस्टलचे अंतर थोडे, पण रस्ता खडतर. मोटार एझ्राची. मेबेलचे दिवस भरत आलेले. साराच्या कडेवर अंगावर पिणारा जो. १ आणि २ ऑगस्ट १९२७ या दोन दिवसांत तिघांनी मिळून सहा गाणी दिली. प्रत्येक गाण्यास ५० डॉलर मिळाले. गरीब खोऱ्यातल्या शेतकऱ्याला ही रक्कम स्वप्नवत होती. दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, त्याच जागी जिमी रॉजर्स या दुसऱ्या गायकाचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. कंट्री संगीताच्या व्यावसायिक इतिहासाचा आरंभ म्हणून या सत्राकडे बोट दाखवले जाते ते यामुळे.

७/
त्या सहांपैकी एक गाणे 'सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल'. अविवाहित मुलीचे मोकळे दिवस आणि लग्न झालेल्या बाईचे पाळण्याला बांधलेले दिवस, असा त्यातला भेद. साराला हे गाणे मनापासून आवडत नसे. पीअरच्या आग्रहाखातर तिने ते म्हटले. आणि आरंभीच्या तबकड्यांत लोकांनी तेच उचलून धरले. आठ वर्षांच्या मुलीला सांभाळायला सोबत आणून, तान्ह्याला पाजून, ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली होती. गाण्यातले दुःख तिला बाहेरून आणावे लागले नसेल.

८/
गीतकार म्हणून ए. पी.चा उदय समजून घ्यायचा तर पीअरचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. १९०९ च्या अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यानुसार तबकडीवर उमटलेल्या प्रत्येक गाण्यामागे, विकल्या गेलेल्या दर प्रतीस, दोन सेंट इतकी रक्कम त्या गाण्याच्या हक्कधारकाला द्यावी लागे. दोन सेंट म्हणजे काहीच नाही. पण प्रती लाखावर गेल्या की त्या दोन सेंटांचा डोंगर होतो. पीअरने हे हेरले होते. पगाराची हाव न धरता त्याने व्हिक्टरकडून गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क मागून घेतले आणि १९२८ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली.

९/
याचा अर्थ असा, की ज्या गाण्याचा हक्क दुसऱ्या कुणाकडे आहे, ते पीअरच्या उपयोगाचे नव्हते. त्याला हवी असत दोनच प्रकारची गाणी : अगदी नवी, किंवा इतकी जुनी की त्यांवर कुणाचा दावा उरलेला नाही. जुन्या गाण्यात थोडा फेरफार करून त्याची नव्याने नोंदणी करता येई. गायक स्वतःच 'रचनाकार' ठरला तर पीअरला प्रकाशक म्हणून वाटा मिळे आणि गायकाला रचनाकार म्हणून. व्यवहारात दोघांचे हित जुळले होते.

१०/
लोकगीताला नाममुद्रा नसते. ते आजीकडून नातीकडे येते, वाटेत एखादे कडवे गळते, दुसऱ्या गाण्यातले एखादे येऊन चिकटते, चाल थोडी वळते. कायद्याच्या नोंदवहीत मात्र 'रचनाकार' हा रकाना होता आणि तो रिकामा ठेवून चालणार नव्हते. त्या रकान्यात 'ए. पी. कार्टर' हे नाव लिहिले गेले. ही एका माणसाची लबाडी म्हणावी, तर त्या काळचा सारा धंदाच तसा चालत होता. ही निव्वळ रीत म्हणावी, तर त्या रीतीने कुणाचे तरी नुकसान होत होते.

११/
गाण्यांचा साठा लवकर संपू लागला, तेव्हा ए. पी. घराबाहेर पडला. डोंगरकपारीतल्या झोपड्या, कोळशाच्या खाणींच्या वस्त्या, चर्च, बाजार. जिथे कुणाला एखादे जुने गाणे येते असे कळे, तिथे तो जाऊन बसे. म्हाताऱ्या बायांच्या पेटीत जपलेले कागद, फाटकी गीतपुस्तके, अर्धवट आठवणारी कडवी. जे मिळेल ते तो गोळा करी. घरी आल्यावर शब्द नीटनेटके करायचे, सारा आणि मेबेलने चाल बसवायची, आणि गाणे 'कार्टर'चे व्हायचे.

१२/
काही गाण्यांचे मूळ शोधून काढणे आज शक्य आहे. 'वाइल्डवुड फ्लॉवर' हे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे, मे १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले. त्याचे मूळ १८६० मध्ये छापल्या गेलेल्या एका दिवाणखानी प्रेमगीतात आहे. संगीत जोसेफ फिलब्रिक वेब्स्टरचे. सत्तर वर्षे तोंडोतोंडी फिरताना शब्द इतके झिजले की एका फुलाचे नाव पार बदलून गेले आणि अभ्यासकांना ते कोणते फूल हे ठरवता येईना. साराने ते जसे ऐकले तसेच म्हटले. अर्थ हरवलेल्या त्या शब्दाचीही एक गोडी आहे; असंख्य गायकांनी तो तसाच पुढे नेला.

१३/
'कीप ऑन द सनी साइड' ही तर या कुटुंबाची ओळखधून. तिचे शब्द १८९९ मध्ये एडा ब्लेंकहॉर्न या भक्तिगीतकर्त्रीने लिहिले आणि चाल जे. हॉवर्ड एन्टविसलची. ब्लेंकहॉर्नचा एक अपंग भाचा होता. चाकांच्या खुर्चीतून फिरायला नेताना आपल्याला रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने न्यावे, असा त्याचा हट्ट असे. त्या हट्टातून हे गीत सुचले, असे सांगतात. कार्टर कुटुंबाने ते १९२८ मध्ये गायिले आणि महामंदीच्या वर्षांत लक्षावधी घरांना ते धीर देत राहिले. घरोघर ठाऊक झाले ते कार्टर हे नाव. ब्लेंकहॉर्नचे नाव मागे पडले.

१४/
१९३५ च्या 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन'ची कहाणी थोडी निराळी. मूळ भक्तिगीत १९०७ चे. शब्द लंडनच्या एडा हॅबर्शनचे, संगीत चार्ल्स गॅब्रिएलचे. त्यात स्वर्गात पुन्हा भेट होईल का, हा सर्वसाधारण प्रश्न आहे. कार्टरच्या गाण्यात धृपदाचा गाभा तोच राहिला, पण कडवी बदलली. आता तिथे एक मुलगा खिडकीशी उभा आहे आणि त्याच्या आईला नेण्यासाठी काळी गाडी येत आहे. परलोकाची चर्चा मागे पडली आणि एका घरातली अंत्ययात्रा समोर आली. हे काम निव्वळ उचलेगिरीचे नाही. कुठे काय कापावे आणि काय आणून ठेवावे, हे कळणारा हात त्यामागे आहे.

१५/
त्याची अगदी स्वतःची म्हणावी अशी गाणीही आहेत. २ मे १९२९ रोजी त्याच्याच जिल्ह्यातील राय कोव्ह येथील शाळेवर चक्रीवादळ कोसळले. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षिका मृत्युमुखी पडली. ए. पी. त्या वेळी जवळपासच होता. मदतीला धावून गेलेल्यांत तोही होता. जे पाहिले त्यावर त्याने 'द सायक्लोन ऑफ राय कोव्ह' हे गीत रचले आणि त्याच वर्षी ते ध्वनिमुद्रित झाले. ढिगाऱ्यातून मुले काढणाऱ्या माणसाने ते लिहिले आहे, हे ऐकताना जाणवते. शब्द साधे आहेत, शोकाचे प्रदर्शन नाही.

१६/
म्हणजे त्याच्या नावावरच्या गाण्यांचे स्थूलमानाने तीन गट पडतात : छापील गीतांचे बदललेले रूप, लोकांच्या तोंडून उचललेली गाणी, आणि त्याने स्वतः रचलेली. पहिल्या गटाचे धनी ग्रंथालयांत सापडतात. तिसऱ्याचा धनी तोच. प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या गटापाशी, कारण तिथे देणाऱ्यांची नावे कागदावर आलीच नाहीत. त्यांतले एक नाव मात्र सुदैवाने उरले आहे : लेस्ली रिडल.

१७/
लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. जन्म १९०५ चा, नॉर्थ कॅरोलायनातील बर्न्सव्हिलचा; वाढला टेनेसीतील किंग्सपोर्टच्या परिसरात. ज्या वर्षी कार्टर कुटुंब ब्रिस्टलला गायले, त्याच १९२७ मध्ये सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात त्याचा पाय गेला. पुढे उजव्या हाताची दोन बोटेही गेली. घरी बसून राहिलेल्या या तरुणाने गिटार हाती घेतली आणि उरलेल्या बोटांनी वाजवण्याची आपली रीत बसवली. १९२८ च्या सुमारास किंग्सपोर्टमध्ये ए. पी.ने त्याला ऐकले आणि थेट आपल्या घरी नेले.

१८/
त्यानंतर दोघे मिळून गाणी शोधीत हिंडू लागले. अशा फेऱ्या पंधराएक झाल्या. गाणारा गाऊ लागला की ए. पी. शब्द टिपून घेई आणि रिडल चाल ध्यानात ठेवी. ए. पी.च्या स्मरणात चाल टिकत नसे. रिडलला एकदा ऐकलेली चाल पुरे. ध्वनिमुद्रणाचे हलके यंत्र अजून कुणाच्या हाती नव्हते, त्या दिवसांत हा माणूसच यंत्र झाला होता. परत आल्यावर तो ती चाल सारा आणि मेबेलला वाजवून दाखवी.

१९/
त्या काळचा दक्षिण प्रदेश ध्यानात घेतला पाहिजे. शाळा वेगळ्या, गाड्यांतील डबे वेगळे, खाणावळीची दारे वेगळी. हे सारे कायद्याने. एक गोरा आणि एक काळा माणूस एकत्र प्रवास करतात, हीच गोष्ट डोळ्यांवर येणारी. पण रिडल सोबत असल्यामुळेच कृष्णवर्णीय वस्त्यांतील घरांची आणि चर्चची दारे ए. पी.साठी उघडली. तिथली भक्तिगीते, तिथले ब्लूज कार्टरच्या भांडारात आले ते याच वाटेने. तबकड्यांचा बाजार मात्र दोन याद्यांत दुभंगलेला होता : काळ्यांचे संगीत एका यादीत, गोऱ्यांचे दुसऱ्या. एकाच चालीची दोन घरे आणि मध्ये भिंत.

२०/
मेबेलनेही रिडलकडून पुष्कळ घेतले. अंगठ्याने चाल वाजवण्याची तिची रीत त्याच्या भेटीआधीचीच. ब्रिस्टलच्या तबकड्यांत ती ऐकू येते. पण बोटांनी तारा उचलीत वाजवण्याचा ब्लूजचा ढंग तिने त्याच्याजवळ बसून, त्याचे हात पाहून शिकला. १९३० चे 'द कॅनन बॉल' हे गाणे आणि त्याचे वादन रिडलकडून आले. हे ऋण मेबेलने पुढे मान्य केले. तबकडीवर मात्र रिडलचे नाव नाही. कार्टर कुटुंबाच्या एकाही ध्वनिमुद्रणात तो वाजवताना ऐकू येत नाही.

२१/
या फेऱ्यांची आणखी एक किंमत होती आणि ती घरात मोजली गेली. ए. पी. दिवसच्या दिवस बाहेर असे. तीन मुले, शेत, सरपण, गुरे. सारे साराच्या माथी. गाणी आणणारा नवरा प्रसिद्धीस चढत होता आणि त्याच गाण्यांना आवाज देणारी बायको चुलीपाशी एकटी होती. ए. पी.चा चुलतभाऊ कॉय बेझ तिच्या मदतीला येऊ लागला आणि दोघांचा जीव जडला. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सारा माहेरच्या खोऱ्यात निघून गेली. बेझ कुटुंब कॅलिफोर्नियाला गेले. पुढे घटस्फोट झाला. तरीही सारा आणि ए. पी. एकत्र गात राहिले. कारण गाणे हीच आता उपजीविका होती.

२२/
१९३८ पासून हे कुटुंब टेक्सासच्या सीमेवरील एक्सईआरए या रेडिओ केंद्रावरून गाऊ लागले. केंद्राचे प्रक्षेपक मेक्सिकोच्या भूमीवर होते, त्यामुळे अमेरिकेतील ५० किलोवॉटची मर्यादा त्यास लागू नव्हती. त्याची क्षमता ५०० किलोवॉटची. रात्री हा आवाज खंडभर पोहोचे. आर्कान्सातील शेतघरात जॉनी कॅश नावाचा लहान मुलगा तो ऐकत असे. पुढे मेबेलची मुलगी जून हिच्याशी त्याचा विवाह झाला. याच केंद्रावरून साराने एक विरहगीत दूर असलेल्या कॉयला उद्देशून म्हटले, असे सांगतात. फेब्रुवारी १९३९ मध्ये दोघांनी लग्न केले. ते विरहगीत होते 'आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्ल्यू आइज'. आणि ते ए. पी.च्याच नावावर नोंदलेले होते.

२३/
त्या एका चालीचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९३६ मध्ये रॉय ॲकफने तिच्यावर 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' हे धार्मिक गीत गायिले. १९५२ मध्ये हँक थॉम्पसनने त्याच चालीवर घर सोडून गेलेल्या स्त्रीला दोष देणारे गाणे म्हटले. त्याच वर्षी किटी वेल्सने त्याच चालीत त्याला उत्तर दिले, की अशा स्त्रियांना घडवणारे पुरुषच असतात. ते उत्तर कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले एकट्या गायिकेचे पहिले गाणे ठरले. भक्ती, आरोप आणि प्रत्युत्तर, तिन्ही एकाच चालीत मावले.

२४/
दुसरे उदाहरण याहून मोठे. 'लिटल डार्लिंग, पाल ऑफ माइन' हे कार्टर कुटुंबाचे १९२८ चे गाणे. तीच चाल त्यांनी १९३० मध्ये 'व्हेन द वर्ल्ड्ज ऑन फायर'साठी वापरली. तिचे मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतात सांगितले जाते. १९४० मध्ये वुडी गथ्रीने याच चालीच्या आधारे 'धिस लँड इज युवर लँड' लिहिले. आज ते अमेरिकेचे दुसरे राष्ट्रगीत म्हणावे इतके परिचित आहे. भूमी सर्वांची आहे असे सांगणाऱ्या गाण्याची चालच कुणा एकाची नव्हती, हा योगायोग विचार करायला लावतो.

२५/
मग ए. पी. कार्टरचे श्रेय काय? एक बाजू अशी : तो गेला नसता तर यांतली कितीतरी गाणी गाणाऱ्यांबरोबरच मातीत गेली असती. त्याला कुठल्या विद्यापीठाचे पाठबळ नव्हते. थरथरत्या हाताने, कागदाच्या तुकड्यांवर त्याने जे टिपले, त्यावर एक अख्खी संगीतपरंपरा उभी राहिली. गाणे निवडणे, त्याचे फाफटपसारे काढणे, अनोळखी माणसाला ते आपलेच वाटावे असे रूप देणे, ही रचनाच आहे. या अर्थी तो रचनाकार खराच.

२६/
दुसरी बाजू तितकीच खरी. ज्यांनी त्याला गाणी दिली त्यांनी ती पाहुण्याला द्यावीत तशी दिली : ओसरीवर बसवून, पाणी देऊन, मोकळ्या मनाने. त्यांच्या दृष्टीने गाणे ही विकण्याची वस्तू नव्हती. ती गाणी ज्या बाजारात गेली तिथे दर प्रतीला दोन सेंटांचा भाव होता, आणि त्या भावातला एकही सेंट ओसरीपर्यंत परत आला नाही. पीअरची संस्था वाढत जागतिक झाली. ए. पी. स्वतःही श्रीमंत झाला नाही; पण त्याचे नाव राहिले, आणि नाव ही गरिबाला मिळू शकणारी मोठी दौलत असते.

२७/
१९४३ मध्ये त्रयी विसर्जित झाली. सारा कॅलिफोर्नियात स्थिरावली. मेबेल आपल्या तीन मुलींना घेऊन गात राहिली. ए. पी. मेसेस स्प्रिंगला परतला आणि वाण्याचे छोटे दुकान चालवू लागला. ७ नोव्हेंबर १९६० रोजी तो वारला, तेव्हा नव्या पिढीची लोकसंगीताची लाट नुकतीच उसळत होती आणि शहरांतील तरुण त्याची गाणी नव्याने शिकत होते. १९७० मध्ये कार्टर फॅमिलीला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हा मान मिळालेला तो पहिला गट. त्याची मुलगी जॅनेट हिने पुढे त्या दुकानाशेजारी संगीतसभा सुरू केल्या. त्या आजही होतात.

२८/
आणि लेस्ली रिडल? तो १९४२ मध्ये उत्तरेकडे, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे गेला. तीन वर्षांनी त्याने गिटार विकून टाकली. वीस वर्षे कुणी त्याची चौकशी केली नाही. १९६५ मध्ये मेबेलकडून त्याचे नाव कळल्यावर माइक सीगर हा संगीतकार-संग्राहक त्याला शोधीत गेला, त्याच्या हाती पुन्हा गिटार दिली आणि पुढील काही वर्षांत त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. ती तबकडी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पाहायला रिडल हयात नव्हता.

२९/
आज रिडलची गोष्ट आपल्याला सांगता येते ती मेबेलने त्याचे नाव विचारणाऱ्याला सांगितले म्हणून. कायद्याच्या रकान्यात जे मावले नाही, ते एका बाईच्या कृतज्ञ स्मरणात टिकले. अशी आठवण ज्यांच्या वाट्याला आली नाही, त्या खाणकामगारांची, त्या चर्चमधल्या बायांची, त्या ओसरीवरच्या म्हाताऱ्यांची नावे आता मिळणे नाही. त्यांची गाणी तेवढी आहेत.

३०/
मेसेस स्प्रिंग येथील चर्चच्या दफनभूमीत ए. पी.ची समाधी आहे. सारा १९७९ मध्ये गेली, तिलाही तिथेच आणून पुरले. दोन्ही शिळांवर एकेक सोनेरी तबकडी कोरलेली आहे आणि तिच्यावर गाण्याचे नाव : 'कीप ऑन द सनी साइड'. या खोऱ्यातल्या कुणी ते लिहिले नव्हते. एडा ब्लेंकहॉर्नने ते लिहिले, एका मुलाला उन्हाच्या बाजूने जायचे होते म्हणून. दगडावर तिचे नाव नाही, त्या मुलाचेही नाही.

(समाप्त)